चौथ्या मजल्यावरून सुटणारी बस

आमच्या ढगोबाला दोन हाका माराव्या लागतात. पहिली हाक त्याला वरून खाली उतरवायला. दुसरीला तो "अं?" म्हणतो. मग तुम्ही बोलायला सुरुवात करायची. मी त्याची सख्खी आत्या, हे नाव मीच पाडलंय. खरं नाव चांगलं आहे, पण ते आता फक्त त्याच्या लायसन्सवर उरलंय.

लहान असताना एकदा शाळेतून येताना एक जिना चुकला आणि शेजारच्या इमारतीत भलत्याच घरी गेला. तिथल्या बाईनं वाढलं, हा पोटभर जेवला, हात धुतले आणि मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "आई कुठंय?" ती बाई अजून मला रस्त्यात भेटली की विचारते, "तुमचा भाचा जेवायला कधी येतोय?"

असा हा माणूस मोटारसायकलवरून दात पोचवतो. हसू नका. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे घेतात ना, ते कवळीच्या कारखान्यात आणायचे आणि तयार कवळ्या दवाखान्यात नेऊन द्यायच्या, हे त्याचं काम. मागे एक चौकोनी डबा बांधलेला असतो, आत कापसात लोकांच्या बत्तिश्या. गंमत म्हणजे गाडीवर बसला की याच्याइतका जागा माणूस शोधून सापडायचा नाही. दोन्ही आरसे बघेल, आधी हात दाखवेल, मग वळेल. ते वळण बापाचं.

बाप म्हणजे माझा दादा. दादानं सगळी नोकरी शहर बसवर काढली, तीही एकाच मार्गावर. तोच रस्ता, तीच वळणं. ती वळणं त्याच्या डोक्यात नव्हती, खांद्यात होती. जेवायला बसला तरी पाण्याचा तांब्या घेताना आधी उजवीकडे बघायचा. मग रिटायर झाला, वहिनी गेली, आणि पाठोपाठ गुडघ्यांनी राजीनामा दिला. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीचे पाइप. माणूस बोलेनासा झाला. मी खालच्या मजल्यावरून रोज येऊन त्याच्याशी भांडायचे, पण भांडायलासुद्धा दुसरी बाजू लागते की हो!

ढगोबानं काय केलं, हेल्मेटवर लावायचा तो एक छोटा कॅमेरा आणला. नव्या पुलाखालून रस्ता कसा काढलाय तेवढं बापाला दाखवावं, इतकाच बेत. दाखवलं. दादा टक लावून बघत राहिला. चित्र संपलं.

"पुढे?" दादा म्हणाला.

"पुढे मी चहाला थांबलो, बाबा."

"प्रवासी अर्ध्यात सोडून?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून ढगोबा आख्खा मार्ग आणायला लागला. सगळे दातांचे दवाखाने त्याच मोठ्या रस्त्यावर, त्यामुळे वाट वाकडी करायची गरज नव्हती. पण दादाचे नियम फार. रस्ता रोजचा ताजा हवा, कालचा शिळा चालायचा नाही. आणि प्रत्येक बस स्टॉपवर गाडी थांबली पाहिजे. थांबली म्हणजे खरोखर थांबली, म्हातारं माणूस चढेल इतका वेळ. आणि कंडक्टर पुकारायचा तसं स्टॉपचं नाव मोठ्यानं घेतलं पाहिजे.

मग संध्याकाळी चौथ्या मजल्यावरून बस सुटायची. पडदा ओढायचा, ढगोबाचं जुनं प्रोजेक्टरचं यंत्र घुं घुं करायला लागायचं आणि पांढऱ्या भिंतीतून रस्ता वाहायला लागायचा. दादा पुढच्या खुर्चीत. उजवा पाय पुढे, हात हवेत गोल धरलेले. मागे आम्ही प्रवासी. मी खिडकीपाशी, माझ्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरची शिवणवाली, तिच्यामागे घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा. स्टॉप आला की शिवणवाली खिडकीच्या गजावर कात्रीनं दोन टोले द्यायची, मग बस निघायची. मी एकदा मध्येच पाणी प्यायला उठले, तर दादा वळूनसुद्धा न बघता म्हणाला, "स्टॉप येऊ दे. चालत्या गाडीतून उतरायचं नाही."

खरं सांगू? थोड्या दिवसांनी मला ती खोली हलल्यासारखी वाटायची. झाडांच्या सावल्या छतावरून सरकायच्या, दादाच्या पांढऱ्या केसांवरून एखादी निळी पाटी हळूच जायची, आणि शिवणवालीच्या मांडीवरचं कापड ऊन पडल्यासारखं उजळायचं. वळणावर आम्ही सगळे एका बाजूला कलायचो. कोणी शिकवलं नव्हतं.

अशात एका संध्याकाळी ढगोबा चालत घरी आला. जिन्यात मला पावलं ऐकू आली, गाडीचा आवाज नाही.

"गाडी कुठंय रे?" मी विचारलं.

"अं?"

"गाडी, गाडी! दोन चाकांची. तुझ्या खाली असते ती."

"पुढे आहे आत्या," तो म्हणाला आणि कॅमेऱ्याची वायर जोडायला लागला. "बसा ना. येईल."

आम्ही बसलो. बस निघाली. बाजार गेला, टपाल कचेरी गेली, नव्या पुलाखालची गार सावली खोलीतून गेली. मग पाण्याच्या टाकीचा स्टॉप दिसायला लागला. त्याच्या अलीकडे एक पोलीस रस्त्यात उभा. काळा गॉगल, हात आडवा.

"ए, बाजूला घे! बाजूला घे!"

दादाचा पाय ब्रेकवर गेला. भिंत थांबली.

आता मी उगाच कोणाला नावं ठेवत नाही, ठेवते तेव्हा कारण असतं. त्यानं थांबवलं यात काही चूक नव्हती. त्या आठवड्यात बस स्टॉपवरून बायकांच्या पर्सा गेल्या होत्या. आणि हा आमचा प्राणी डोक्यावर कॅमेरा लावून स्टॉपमागून स्टॉप थांबतोय, काहीतरी ओरडतोय, डावीउजवीकडे बघून पुढे जातोय. मी पोलीस असते तर मीही थांबवलं असतं. कानसुद्धा धरला असता.

"कोणाशी बोलतोयस?" पोलीस म्हणाला.

"वडिलांशी."

"फोनवर?"

"नाही साहेब. ते संध्याकाळी ऐकतील."

आमच्या मागे घड्याळवाले आजोबा खुदकन हसले. पोलिसानं मान तिरकी केली.

"प्यायलायस?"

"नाही साहेब. चहासुद्धा राहिलाय."

"मी मागच्या स्टॉपपासून बघतोय. थांबतोस, नाव घेतोस, पुढे जातोस. कसली टेहळणी चाललीय?"

"बस थांबते ना तिथं."

"कुठली बस?"

"ही."

"ही मोटारसायकल आहे!"

"दिसायला," ढगोबा म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. या मुलाला खोटं बोलता येत नाही हे एक वेळ ठीक आहे, पण खरं तरी जरा बेतानं बोलावं!

"डब्यात काय आहे?"

"दात."

"उघड."

डबा उघडला. कापसात ओळीनं कवळ्या, सगळ्या पोलिसाकडे बघून हसतायत. स्टॉपवरच्या दोन बायका फिस्सकन हसल्या, मग एक कॉलेजचं पोर हसलं. तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. वर्दीतल्या माणसाला शिवी चालते, हसू चालत नाही. त्याचा चेहरा लाल झाला, आणि नेमकं तेव्हाच त्याला हेल्मेटवरचा लाल दिवा दिसला.

"हे चालू आहे?"

"हो साहेब. सुरुवातीपासून."

"बंद कर."

"टाकी यायचीय अजून—"

हात पुढे आला. किल्ली काढल्याचा खट्ट असा आवाज आला आणि इंजिन मेलं. आमच्या खोलीतसुद्धा काहीतरी मेल्यासारखं झालं.

"किल्ली काढली," दादा हळू म्हणाला. "ड्रायव्हर बसलेला असताना किल्ली काढली."

मग तोच हात कॅमेऱ्यावर आला. सगळी भिंत भरून एक तळहात. उन्हामुळे कडा लाल, मधे काळोख, आणि नद्या असाव्यात तशा हातावरच्या रेषा. खोलीत अंधार. शिवणवाली कुजबुजली, "आयुष्यरेषा लांब आहे हो मेल्याची."

अंधारातून आवाज आला, "पूस ते. माझ्यासमोर पूस, किल्ली घे आणि चालू लाग."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या, तेवढंच. मग आमच्या ढगोबाचा आवाज, नेहमीसारखा मऊ, जसा काही झोपेतून उठून बोलतोय.

"साहेब, लायसन्स बघा, कागद बघा, डबा बघा, मला बघा. कशाला नाही म्हणत नाही मी. पण रस्ता नाही पुसता येणार."

"का?"

"बाबा टाकीपाशी अडकतील."

तुम्हाला माहीत नाही म्हणून सांगते. या माणसानं जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नाही. न्हाव्यानं भलत्याच बाजूला भांग पाडला तर "छान" म्हणून तसाच महिनाभर हिंडेल. शेजारणीनं कोणाचीतरी छत्री "तुझीच ना?" म्हणून दिली, तर ती घेऊन भिजत मालकाला शोधेल. तो नाही म्हणाला! मी अंधारात दादाचा चेहरा शोधत होते, दिसला नाही.

"मग गाडी चौकीवर," पोलीस म्हणाला. "उद्या ये, तिथं पूस, गाडी घेऊन जा. नाही पुसलंस तर राहू दे तिथंच, गंजू दे."

हात निघाला. उजेड आला. आमचा ढगोबा डबा काखेत घेऊन चालायला लागला होता.

आणि तरी बस चालू होती. काय सांगू तुम्हाला! चालण्याच्या वेगानं तो रस्ता आम्ही कोणी कधी बघितला नव्हता. सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ. एका भिंतीवर मांजर होतं, ते येताना दिसलं, जवळ आलं, आम्ही त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मग ते गेलं. कापडाच्या दुकानात बाई गल्ल्यावर डोकं ठेवून झोपली होती, तिच्या केसांवर पंखा वारा घालत होता. एका गॅलरीत कोणीतरी हिरव्या रंगानं दार रंगवत होतं, ब्रश खाली आला, वर गेला, खाली आला, आम्ही चौघंही मान वरखाली करत राहिलो. "दवाखाना!" ढगोबानं स्टॉप पुकारला, थांबला. शिवणवालीनं दोन टोले दिले. दादानं गिअर टाकला. पहिलाच.

"ही गॅलरी," दादा म्हणाला, "इथं होती?"

जन्मभर तिच्याखालून बस नेली होती त्यानं.

शेवटच्या स्टॉपवर भिंत पांढरी झाली. कोणी उठलं नाही. मग फोन वाजला. ढगोबाचे कवळीवाले मालक. त्यांना फोनची गरजच नाही खरं तर, नुसती खिडकी उघडली तरी ऐकू येतील. "अरे बाबा, पूस की एकदाचं! बोट लावायचं काम. माझी गिऱ्हाइकं बोळकी घेऊन बसलीत. गाडी नसेल तर उद्या मी दुसरा माणूस बघतो, मग म्हणू नकोस."

ढगोबानं फोन ठेवला. दादा भिंतीकडेच बघत होता.

"पूस," तो म्हणाला. "पोटाचा प्रश्न आहे. मी राहीन टाकीपाशी. बाक आहे तिथं."

आणि हात खाली ठेवले त्यानं. स्टिअरिंग सोडलं. मला ते बघवेना, मी खाली जाऊन विनाकारण भांडी आपटली.

सकाळी ढगोबाबरोबर चौकीवर मी गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं. मला कधीच कोणी बोलावत नाही, म्हणून तर मी सगळीकडे असते. चौकीच्या आवारात जप्त केलेल्या गाड्या उभ्या होत्या, काहींच्या चाकांतून वेल वर चढलेले, एका सीटवर गवत. आमची गाडी त्यांत नवीन नवरीसारखी लाजून उभी होती.

कालचा पोलीस टोपी काढून दारात होता. गॉगल नसला की तो अगदी कोवळा दिसत होता, कपाळावर टोपीचा वळ. आत मोठ्या बाई बसल्या होत्या, चौकीच्या मुख्य. चष्मा साखळीला, समोर चहा.

"बाई, हा अंगावर आला माझ्या," पोलीस म्हणाला. "उद्धट बोलला. किल्ली त्यानं स्वतःच दिली."

मी तोंड उघडलं. ढगोबानं माझ्या हातावर हात ठेवला. ठेवला म्हणजे चक्क दाबला!

"मी दाखवतो ना बाई," तो म्हणाला. "पुसायला देणार नाही. पण दाखवतो." आणि त्यानं कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्यांच्यासमोर धरला. बाजाराच्या स्टॉपपासून.

"अहो, तेवढा भाग लावा की," बाई म्हणाल्या.

"मधूनच कसं चढणार?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बसा हो, बरी असते बस."

काय झालं कोणास ठाऊक, बाई बसल्या. टपाल कचेरी गेली. चहावर साय धरली. पुलाखालची सावली आली तेव्हा त्यांनी चष्मा जरा वर केला. टेबलावरचा पंखा फिरत होता, बाहेर कोणाचा तरी वायरलेस खरखरत होता, आणि त्या एवढ्याशा पडद्यात आम्ही चार डोकी घालून रस्त्यानं चाललो होतो. पोलीससुद्धा. "दिसायला" आलं तेव्हा बाईंच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्यांनी सावरला. मग खट्ट. किल्ली. मग तळहात.

बाईंनी पडदा खाली ठेवला.

"थांबवलंस, बरोबर केलंस," त्या पोलिसाला म्हणाल्या. "डबा बघितलास, तेही बरोबर. किल्ली का काढलीस?"

त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"आणि पुसायला कशाच्या आधारावर सांगितलंस?"

"लोक हसत होते बाई."

"म्हणून?"

"मागे आपल्यातल्या एकाचं असंच चित्रण कोणीतरी फोनवरून फिरवलं. त्याची मुलगी शाळेत जाईना." त्यानं बुटांकडे बघितलं. "माझीही पहिलीत आहे."

खोटं कशाला बोलू, मी त्याला सुनवायला घरून तयारी करून आले होते. त्यातलं निम्मं तिथंच गळलं. निम्मं ठेवलं.

बाई चहा बाजूला सारून म्हणाल्या, "आपण चार भिंतींत काम करत नाही. रस्ता सगळ्यांचा. लोक डोळ्यांनी बघतात, तसे कॅमेऱ्यानं बघणार. तो त्यांचा हक्क आहे. लांब उभे राहा, कामात आडवे येऊ नका, इतकंच आपण सांगू शकतो. पुसायला लावणं आपल्या हातात नाही. आणि कोणाच्या गाडीची किल्ली तर नाहीच नाही. दे ती."

किल्ली टेबलावर आली. ढगोबानं ती उचलली नाही.

"मी कुठं फिरवत नाही हं हे," तो पोलिसाला म्हणाला. "आमच्या भिंतीवर लावतो. चार माणसं असतात. ही आत्या हसते, पण ती सगळ्यांनाच हसते."

"तक्रार द्यायचीय?" बाईंनी विचारलं.

मी टेबलाखालून त्याला पाय मारला. दे म्हणून. तो छताकडे बघत बसला. मला वाटलं, गेला वर. आता दोन हाका मारायला लागणार.

"द्यायचीय," तो म्हणाला. "किल्ली काढली, कॅमेऱ्यावर हात ठेवला आणि आत्ता खोटं सांगितलं, असं लिहा. आणि घाबरला होता, तेही लिहा."

"त्याला रकाना नाही," बाई म्हणाल्या.

"मग खाली जागा आहे ना, तिथं."

बाईंनी लिहिलं. मी वाकून बघितलं, खरंच लिहिलं. पोलिसानं सही करताना ढगोबाकडे एकदा बघितलं. काय होतं त्या बघण्यात, मला कळलं नाही, आणि मला न कळण्यासारखं फार कमी असतं.

गाडी घेऊन तो थेट कारखान्यात गेला. मालकांचा दुसरा माणूस अजून आला नव्हता. दात पोचले. संध्याकाळी बस सुटली, दादा बाकावरून उठून पुन्हा आपल्या जागेवर बसला आणि मला म्हणाला, "तू तिकीट काढत नाहीस कधी." बोलायला लागला म्हणजे भांडणार, हे आलंच.

पोलिसाला काही दिवस टाकीवर बघितलं नाही आम्ही. समज दिली म्हणे, थोडे दिवस चौकीतच बसवलं. मग एका संध्याकाळी भिंतीवर टाकी आली आणि तो होता. गाड्या तपासत होता, ओळीनं सगळ्यांच्या. गॉगल खिशात. आमच्या बसला हात केला. दादाचा पाय खाली गेला. शिवणवालीनं कात्री घट्ट धरली.

"लायसन्स," तो म्हणाला. बघितलं, उलटून बघितलं, परत दिलं. किल्लीकडे हात गेला नाही. हात कमरेमागे बांधलेले होते, मी नीट बघितलं. मग तो सरळ लाल दिव्याकडे बघायला लागला, म्हणजे आमच्याकडेच, चौघांच्याही तोंडाकडे. टोपी सारखी केली.

"वडील... बघतायत?"

"संध्याकाळी," ढगोबा म्हणाला.

तो मागे सरकला आणि आमच्यासाठी रस्ता मोकळा करायला त्यानं उलट्या बाजूची वाहतूक हात उंच करून थांबवली. ढगोबा निघाला, टाकी पार केली. एवढीशी गाडी ती, केव्हाच पुढे गेली होती. पण भिंतीवर गाडीचा आरसा दिसत होता, त्यात बघावं तर त्याचा हात वरच. मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी वरच.

मी काहीतरी टोचून बोलणार होते. दादानं हवेतलं स्टिअरिंग हळूहळू सरळ केलं, डोळे आरशावरून काढले नाहीत.

"थांब," तो मला म्हणाला. "बसची मागची चाकं निघू देतोय तो."